करडा कुणी ठरवायचा? कृष्णधवल डिजिटल छायाचित्रांतल्या निवडक छटाबदलाचा आढावा

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीने आपटा मागे टाकलं की जिते येतं. तिथून पुढे पेणपर्यंत हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत असा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा आहे. रंग न चढवलेल्या कच्च्या मूर्ती इथे रांगेने मांडलेल्या असतात. वाळलेली शाडूची मूर्ती फिकट राखाडी दिसते, तर प्लास्टरची पांढरीशुभ्र. कृष्णधवल छायाचित्राला यापेक्षा सोयीचा विषय कोणता, असं पाहणाऱ्याला वाटतं, कारण रंग मुळातच नाहीत. पण रंगीत फोटो घेऊन सॅच्युरेशन शून्यावर आणलं की हाती येतो तो पांढरा गोळा. सोंड गालात मिसळलेली, पोटाची गोलाई गेलेली, मागची मूर्ती पुढचीला चिकटलेली.

डोळ्यांना दिसलेला घाट फोटोत हरवतो, याचं कारण शेडमध्येच सापडतं. पावसाळ्यात छपराला आणि बाजूंना निळं प्लास्टिक किंवा ताडपत्री लावलेली असते, त्यामुळे मूर्तीच्या सावलीकडच्या बाजूवर निळसर उजेड पडतो. दुसरीकडून पिवळा बल्ब असतो. पांढऱ्या पृष्ठभागाला स्वतःचा रंग नसल्यामुळे तो दोन्ही उजेड जसेच्या तसे घेतो. डोळा हा थंड-उबदार फरक वाचून गोलाई ओळखतो. सॅच्युरेशन काढताना नेमका हाच फरक पुसला जातो. त्याऐवजी कृष्णधवल मिक्सरमध्ये निळ्याचा स्लायडर खाली आणि पिवळ्याचा थोडा वर नेला, तर सोंड गालापासून सुटते आणि पोटाला वजन येतं. मात्र त्याआधी कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने दोन्ही उजेड सपाट केलेले नसावेत. व्हाइट बॅलन्स ही रंगीत फोटोचीच बाब आहे असं पुष्कळजण धरून चालतात. खरं तर कृष्णधवल रूपांतरातला पहिला छटाबदल तिथेच होतो.

फोटोतला करडा आपोआप मिळत नाही, तो कुणीतरी ठरवलेला असतो. तुम्ही ठरवला नाही, तर सॉफ्टवेअर ठरवतं. रंगाचं करड्यात रूपांतर करायचं एक जुनं आणि अजूनही सर्रास वापरात असलेलं सूत्र लालाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ इतकं वजन देतं. ही वजनं माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेवरून काढलेली आहेत, त्यामुळे हिरवा उजळ आणि निळा गडद होतो. आता रंगवलेल्या मूर्तीकडे पाहू. लाल पीतांबराची मूल्यं २००, ६०, ६० असतील आणि हिरव्या शेल्याची ५०, १३०, ९०, तर या सूत्राने पीतांबराचा करडा १०२ येतो आणि शेल्याचा साधारण १०१.५. रंगीत फोटोत एकमेकांना हाका मारणारे हे दोन रंग कृष्णधवलात एकच कापड होतात. सूत्राचं यात काही चुकलेलं नाही. पीतांबर आणि शेला यांतलं काय पुढे यायला हवं, हे सूत्राला कळायचं कारणच नाही.

छटा हाताने बदलणं म्हणजे खोटेपणा, फिल्मच्या काळात सगळं खरं होतं, हा समज फार पसरलेला आहे. इतिहास त्याच्या बाजूने नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये आणलेल्या ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या उजेडालाच प्रामुख्याने प्रतिसाद देत आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं येतं, ढग नाहीसे होतात. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रेने १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन निगेटिव्हमधून एक छाप काढून यावर उपाय केला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. याच शहरात विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या रहिवाशांवरचा दोन खंडांचा ग्रंथ काढला, त्यात स्टुडिओत टिपलेली माणसं वेगळ्या टिपलेल्या पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. मुंबईतल्या छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीपासून जुळवाजुळव सुरूच आहे.

लोकमान्य टिळकांची पगडी लाल होती, पण त्यांच्या छायाचित्रांत ती गडद, काळपट दिसते. ही रसायनाची करामत आहे. तरीही ती गडद पगडी आपल्या मनात इतकी रुजली आहे की कुणी आज ती मध्यम करड्यात दाखवली तर आपल्यालाच खटकेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हाची फिल्मही लालाला आंधळी होती, आणि नटांचा चेहरा कसा रंगवायचा हे त्या आंधळेपणाचा हिशेब धरूनच ठरवावं लागे. स्थिर छायाचित्रांसाठी मात्र सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट्स १९०६ च्या सुमारासच बाजारात आल्या होत्या. मग छायाचित्रकार लेन्सवर पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर लावून कोणता रंग उजळ आणि कोणता गडद हे ठरवू लागले. अमेरिकेत अँसल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीच्या हाफ डोम कड्याचा फोटो घेताना आधी पिवळा फिल्टर लावला होता. तो काढून गडद लाल लावल्यावर आभाळ काळंभोर आलं आणि कडा उभा राहिला.

डिजिटलने हा फिल्टर लेन्सवरून उचलून संगणकावर नेला. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. ब्राइस बायरने कोडॅकमध्ये तयार केलेल्या रचनेत हिरव्या गाळण्या इतरांच्या दुप्पट आहेत. म्हणजे कॅमेरा पडद्यावर कृष्णधवल चित्र दाखवत असला, तरी रॉ फाइलमध्ये रंग पूर्ण शाबूत असतात आणि कोणता फिल्टर लावायचा हे टिपल्यानंतरही ठरवता येतं. फोटोशॉपमध्ये २००७ पासून त्यासाठी सहा रंगांचे स्लायडर आहेत, लाइटरूममध्ये आठ. फोनवरच्या स्नॅपसीडमध्येही कृष्णधवल करताना रंगाचा फिल्टर निवडता येतो, आणि तेही फुकट. पेण-रोह्यातल्या तरुणाला यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे. उलट लायकाने २०१२ मध्ये काढलेल्या मोनोक्रोम कॅमेऱ्यात आणि पेंटॅक्सच्या २०२३ च्या तशाच कॅमेऱ्यात रंगांच्या गाळण्या नाहीत. तपशील त्यामुळे अधिक स्वच्छ मिळतो, पण रंगाचा निर्णय पुन्हा शटर दाबण्याआधी घ्यावा लागतो.

छटा निवडकपणे बदलायच्या वाटा तीन: रंगावरून, उजळपणावरून आणि जागेवरून. शिकवण्या आणि तयार प्रिसेट या तिन्हींची सरमिसळ करतात. त्यांचं मोठं दुखणं असं की ते कॅलिफोर्नियाच्या किंवा युरोपातल्या उजेडासाठी घडवलेले असतात. तिथल्या कोरड्या हवेत आभाळ गर्द निळं असतं, त्यामुळे निळ्याचा स्लायडर खाली ओढला की नाट्य तयार. जुलैत जित्याच्या खाचरांवर ते आभाळ कुठून आणणार? पावसाळी ढग राखाडी, म्हणजे जवळजवळ रंगहीन. निळा स्लायडर तळाला नेला तरी ढग हलत नाहीत, आणि हललीच तर लांबची कर्नाळ्याची रांग हलते, कारण ओलसर धुरकट हवेमुळे डोंगर निळसर झालेला असतो. तो गडद झाला की अंतर नाहीसं होतं आणि सुळका जणू शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात खोली दाखवणारी गोष्ट म्हणजे ही मागे मागे फिकट होत जाणारी डोंगरांची ओळ. बहुतेक प्रिसेट तिच्यावरच पहिला घाव घालतात.

म्हणून इथल्या पावसाळी ढगांना रंगाची वाट उपयोगाची नाही. तिथे उजळपणाची वाट धरावी. ढगाच्या उजळ भागातले जवळजवळचे करडे एकमेकांपासून थोडे लांब करायचे, बाकी चित्राला हात लावायचा नाही. फोटोशॉपमध्ये चित्राच्याच उजळपणावरून मास्क तयार करता येतो. टोनी कायपरने २००६ मध्ये ही पद्धत तपशिलाने मांडली आणि निसर्गचित्रं टिपणाऱ्यांत ती पसरली. तिचं बळ तिच्या कडांत आहे. मास्क चित्रातूनच निघत असल्यामुळे बदल कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दिसत नाही. ढगाच्या खालच्या कडेला, डोंगराला टेकताना, पांढरी रेघ उमटत नाही.

शेतीच्या छटा मात्र पूर्णपणे रंगाच्या वाटेने जातात, आणि त्या ऋतूप्रमाणे बदलतात. ऑगस्टमधलं भात आपल्याला हिरवंगार दिसतं, पण लाइटरूममध्ये त्याचा बराच भाग पिवळ्याच्या स्लायडरला बांधलेला असतो. नुसता हिरवा हलवून शेत उजळत नाही म्हणून गोंधळलेले अनेकजण भेटतात. ऑक्टोबरात भात पिकलं की पिवळा आणि नारिंगी दोघेही कामाला लागतात. हिरवा-पिवळा फार उजळवला की पानं पांढरी पडतात आणि इन्फ्रारेड फिल्मचा भास होतो. खाडीकडच्या खारपाटावर हे सगळं उलटतं. चिखल, मीठ आणि भरतीचं पाणी यांत रंग इतका थोडा असतो की स्लायडर ओढले की चित्रातले कण वर येतात. तिथे जागेची वाट उरते.

जागेची वाट म्हणजे डार्करूममधलं डॉजिंग-बर्निंग. एन्लार्जरच्या उजेडात तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, तळहाताच्या फटीतून जादा उजेड देऊन दुसरा गडद करायचा. अ‍ॅडम्सच्या १९४१ मधल्या ‘मूनराइज’ या फोटोच्या सुरुवातीच्या छापांत आभाळात ढगांच्या रेघा दिसतात. पुढच्या दशकांतल्या छापांत आभाळ अधिकाधिक काळं होत गेलं. १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने अधिक दाटही करून घेतला. एकाच निगेटिव्हचे हे वेगवेगळे अर्थ तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने काढले. आज ब्रश, ग्रेडियंट आणि मास्क तेच काम करतात. २०२१ पासून लाइटरूम आभाळ किंवा माणूस आपोआप निवडतं, आणि पुढच्या वर्षीपासून माणसाचा चेहरा, हातपाय, केस वेगवेगळे निवडू लागलं. सोय मोठी आहे. पण तयार मास्कची कड कापलेल्या कागदासारखी असते आणि ती ओळखू येते. डार्करूममधला हात सतत हलत असे, म्हणून त्याच्या कडा विरत. माझा अनुभव असा की जागेचा बदल ब्रशची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास ठेवून, पुन्हापुन्हा फिरवून करावा. एकाच फटक्यात केलेलं काम दुसऱ्या दिवशी डोळ्यांना बोचतं.

आता माणसाच्या कांतीकडे येतो. या साऱ्या प्रश्नात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे.

माणसाची त्वचा गोरी असो की काळी, तिचा रंग नारिंगी आणि लाल यांच्या पट्ट्यात येतो. फरक असतो तो उजळपणाचा. त्यामुळे नारिंगीचा एक स्लायडर वर केला की आगरी शेतकरी, कोळीण, कातकरी मजूर, सगळे एका फटक्यात उजळतात. फोटोतला माणूस स्वतः खूश होतो, लग्नाच्या अल्बमवाल्याला ते हवंच असतं, आणि शिकवणीचे व्हिडिओ त्याला ‘स्किन क्लीन करणं’ म्हणतात. हे नवं नाही. स्टुडिओच्या काळात रिटचिंग करणारा कारागीर निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम करी. निगेटिव्हवर पेन्सिल चढली की छापात तो भाग उजळतो. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, आणि त्यांच्याबरोबर वर्णही गेला. आपल्या घरांच्या भिंतींवरच्या किती आजोबा-आजींचा खरा रंग आपल्याला कधीच दिसलेला नाही! तेव्हा निदान प्रत्येक चेहऱ्यावर तासभर बसावं लागे. आता एका अल्बममधल्या पाचशे फोटोंना तोच बदल क्षणात लागतो.

याच्या मुळाशी पुस्तकांतून आलेली सवयही आहे. अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास आखलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आहेत. मधली पाचवी म्हणजे अठरा टक्के उजेड परत करणारा करडा. गोऱ्या माणसाची उन्हातली त्वचा सहाव्या पायरीवर ठेवावी, असं अ‍ॅडम्स सांगतो. सावळी त्वचा मात्र त्याच्याच यादीत पाचव्या पायरीवर आहे. आपल्याकडे शिकताना पहिलंच वाक्य लक्षात राहतं: चेहरा सहावर. मग भर उन्हात भात लावणाऱ्या बाईचा चेहरा सहावर नेला जातो. तिच्या पाठीमागचं पाणी आठवर असतं, लुगडं सातवर, आणि चेहरा त्यांच्यात मिसळून जातो. तो पाचवर, कधी चौथ्या पायरीच्या वरच्या अंगाला ठेवून कपाळाच्या आणि गालाच्या हाडावरची चमक तेवढी जपली, तर त्वचेला पोत येतो, घाम दिसतो, माणूस दिसतो. गडद त्वचेत घाट असतो तो सावलीत कमी आणि चमकेत जास्त. तिला उजळवलं की ती चमकच हरवते. कलेच्या नजरेनेही हा तोट्याचा व्यवहार आहे.

वीटभट्टीवर हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो. रायगडातली कातकरी कुटुंबं हंगामात भट्ट्यांवर कामाला जातात. भाजलेली वीट नारिंगी, माती तांबूस, माणसाची त्वचाही त्याच पट्ट्यात, आणि वरून सगळ्यांवर एकच धूळ. विटांचा ढीग भारदस्त व्हावा म्हणून नारिंगी खाली ओढला की माणसं कोळशासारखी काळी होतात. माणसं दिसावीत म्हणून वर नेला की भट्टी खडूची होते. रंगाची वाट बंद, आणि उजळपणाही जवळजवळ सारखा, म्हणून मास्कची वाटही अर्धीच. आपोआप होणारी निवडही धुळीत अडखळते. उरतो तो हात. आधी विटा आणि माणसं मिळून एक मधला करडा ठरवायचा, मग हाताने फक्त माणसांच्या उजळ कडा थोड्या वर आणायच्या. वेळ लागतो, पण वेळ द्यायला हवा. ज्यांचे फोटो आयुष्यात फार थोड्या वेळा निघतात त्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

उलट्या दिशेचा अपराधही तितकाच गंभीर आहे. २७ जून १९९४ च्या अंकात अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर अधिक काळवंडून छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो त्याच आठवड्यात मूळ रूपात छापला होता, त्यामुळे फरक साऱ्या देशाने पाहिला आणि एका काळ्या माणसाला अधिक भयंकर दाखवल्याचा आरोप झाला. आपल्याकडे ‘सामाजिक’ म्हणवणाऱ्या कृष्णधवल फोटोंत हे रोज घडतं. गरीब माणूस दिसला की कॉन्ट्रास्ट वाढवायचा, क्लॅरिटी शेवटपर्यंत न्यायची, सुरकुत्या कोरायच्या. गरिबीला पोत असतो हा एक क्रूर संकेत झाला आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जे काम कृष्णधवलात केलं, ते म्हणूनच नवशिक्यांनी शांतपणे पाहावं. २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या या छायाचित्रकाराच्या फोटोंत अंधार आहे, घाण आहे, पण काळा रंग त्या कामाच्या जागेतून आलेला आहे. माणसाच्या चेहऱ्यावर तो सजावट म्हणून चढवलेला नाही.

कृष्णधवल फोटोत फक्त कुंकू किंवा फक्त शालू लाल ठेवायची लग्नाच्या अल्बमांतली फॅशन इथे थोडक्यात आटपतो. छायाचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फियापच्या व्याख्येत असा फोटो कृष्णधवल गटात बसतच नाही, तो रंगीत ठरतो. संपूर्ण चित्राला सेपियासारखी एकच छटा दिलेली चालते. मला ही व्याख्या योग्य वाटते.

मर्यादा कुठे, हा प्रश्न बातमीच्या फोटोंत सगळ्यात कडक होतो. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या कामांपैकी सुमारे २० टक्के बाद झाली. कुठे वस्तू पुसलेल्या होत्या, तर कुठे छटा इतक्या गडद केल्या होत्या की काळ्यात चित्राचा मजकूरच बुडाला होता. हा दुसरा प्रकार महत्त्वाचा आहे. वस्तू पुसायला खोडरबर लागतं असं नाही, काळा पुरतो. कारखान्याच्या दारातला प्लास्टरच्या पोत्यांचा ढीग सावलीत पूर्ण काळा केला, तर मूर्ती शाडूची की प्लास्टरची हा बातमीतला प्रश्नच चित्रातून नाहीसा होतो. म्हणून बातमीच्या फोटोसाठी मी एकच कसोटी मानतो: मूळ फोटोत ओळखू येणारी वस्तू छटा बदलल्यानंतरही ओळखू आली पाहिजे. निसर्गचित्राला किंवा कलाचित्राला ही अट नाही. तिथे आभाळ काळंभोर करायला माझी हरकत नाही, फक्त ते बातमी म्हणून छापू नये.

तांत्रिक इजांचंही थोडं बोलायला हवं, कारण कित्येकदा हेतू चांगला असूनही फोटो त्यांनी बिघडतो. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेगवर निळा खूप खाली ओढला की आभाळात पट्टे पडतात. निळ्या भागातले कण मोठे होतात, आणि झाडाच्या शेंड्यांभोवती पांढरी कड दिसू लागते. दोन रंगांचे स्लायडर शेजारी असून एक टोकाला वर आणि दुसरा टोकाला खाली असेल, तर ही इजा ठरलेलीच. शेजारच्या स्लायडरनाही थोडं सोबत न्यावं, आणि उरलेला बदल हाताने करावा. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून काम केलं की सावल्या खऱ्यापेक्षा उघड्या दिसतात आणि वर्तमानपत्रात किंवा मॅट कागदावर त्या बंद होतात. छापायचं असेल तर पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून एकदा पाहावं.

गावोगावचे छायाचित्रकार वर्तमानपत्रांना फोटो पाठवतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरून, दाबून लहान केलेली जेपेग. रॉ फाइल टिपलेली नसते, किंवा कार्ड भरलं म्हणून पुसलेली असते. स्पर्धा मूळ फाइल मागतात तेव्हा दाखवायला काही उरत नाही, आणि दहा वर्षांनी त्याच छायाचित्रकाराला चेहऱ्याचा करडा वेगळा हवासा वाटला तरी त्याचा मार्ग बंद झालेला असतो. दोन टेराबाइटची हार्ड डिस्क आज एका बऱ्या लेन्सच्या किमतीपेक्षा स्वस्त आहे. पेणच्या कारखान्यांत, जित्याच्या खाचरांत, भट्ट्यांवर जे कुणी सातत्याने फोटो काढतात त्यांनी पुढची लेन्स घेण्याआधी ही डिस्क घ्यावी. रॉ ठेवावी, शेजारी बदललेली प्रत ठेवावी, आणि काय गडद केलं, काय उजळवलं, ते फाइलच्या नावाशेजारी मराठीत दोन ओळींत लिहून ठेवावं.